टोपी कुणाची

दिंडोरीच्या वायनरीतून इंग्रजी पत्र आलंय,
स्पॅनिश करून हवं, संध्याकाळी सहापर्यंत.
युअर फादर्स हॅट. युअर फादर्स ग्लासेस.
खाली सही, शिक्का, आणि कुरिअरचा नंबर.

इंग्रजीला बरं आहे,
एका 'युअर'मध्ये साहेब, शिपाई, देव, मांजर
सगळे एका बाकावर बसतात.

गंगापूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
शाल गुंडाळून मी वाक्य उलटं करते :
आधी टोपी, मग 'दे', मग बाप.
इथवर हात सरावलेला आहे. पुढे अडतं.
तू पाद्रे, की सू पाद्रे?

मुलाचं नाव एलॉय, वय चोवीस.
'तू' लिहावं तर ओळख नाही.
'सू' लिहावं तर त्यात तुमचा, त्याचा, तिचा, त्यांचा,
कुणाचाही बाप मावतो.
तिकडे मान द्यायचा म्हणजे
समोरच्याला जरा दाराबाहेर उभं करायचं.

आमच्याकडे तरी कुठे सोपं होतं.
आईला अगं, बाबांना अहो.
सिव्हिलच्या व्हरांड्यात, पहाटे साडेतीनला,
स्ट्रेचरवरची चादर नीट करताना
तोंडून निघून गेलं, "तू ऊठ ना."
आयुष्यात एकदाच. त्यांनी ऐकलं नाही.

वस्तूंची यादी पडताळायला फोन केला.
द्राक्षबागेतून पुंजाराम गांगुर्डे बोलले :
"अन्सेल्मो पहिल्याच दिशी मला तू म्हन्ला.
लई राग आला. गोरा असंल त्याच्या घरी.
मंग कळलं, त्याच्या भाषेतबी तू म्हंजे तूच.
मंग म्याबी म्हन्लं, तू.
अकरा छाटण्या झाल्या आमच्या, ह्या एका शब्दावर."

पत्रात मी 'सू' लिहिलं. कंपनीचं पत्र आहे.
टोपी खोक्यात गेली, चष्मा गेला,
निळी वही गेली.

यादीत सातव्या क्रमांकावर छाटणीची कात्री होती.
"ती न्हाई भेटायची," पुंजाराम म्हणाले,
"ती आपली हाये."

आपली म्हणजे तुमची? की तुम्हा दोघांची?
विचारलं नाही.
नुएस्त्रा लिहून पाहिलं, खोडलं.
सातवी ओळ कोरी ठेवून
सहाला पाच कमी असताना
पाठवून दिलं.