निरोप्या

आमच्या घरात कुणी कुणाला मारलं नाही.
हे आधी सांगतो, कारण लोक तेच विचारतात.
आमच्यात फक्त बोलणं बंद व्हायचं.

हिंदूराव आजोबा खासबागेत कुस्ती धरून होते
त्या रात्री त्यांचा बजरंग तापानं गेला. वय चार.
पहाटे गुलालानं माखून ते दारात उभे राहिले,
आजी एवढंच म्हणाली,
"झाली कुस्ती?"
त्यानंतर अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत.
पोरं मात्र झाली.
पहिल्याला गेलेल्याचंच नाव ठेवलं.
ते माझे वडील.
कुणी हाक मारली की आधी मागं वळून बघतात,
दुसरं कुणी आहे का म्हणून.

वडिलांनी आईशी अबोला धरला तो
साखरेवरून, माहेरावरून, एकदा तर कुलपाच्या किल्लीवरून.
उद्यमनगरात पत्र्याच्या शेडमागं दोन खोल्या,
पुढं लेथ, मागं चूल,
मधल्या उंबऱ्यावर मी.
"तुझ्या आईला सांग, डबा भर."
"तुझ्या बापाला सांग, विष भरते."
मधे तीन पावलं.
तेवढ्यात मी निरोप घासून गुळगुळीत करायचो :
"आई म्हणते, भरते."
मला वाटायचं सगळीच पोरं हे करतात,
जसं गंगावेशीतून दूध आणतात.

लेथ आता मी चालवतो.
केसाएवढा फरक बोटाला कळतो.
परवा शुभांगीशी वाजलं,
कशावरून ते सांगण्यासारखंही नाही,
आणि जीभ टाळूला चिकटली.
मी काही ठरवलं नव्हतं.
तिला वाट पाठ होती.

तिसऱ्या रात्री अन्वी दारात.
"पप्पा, मम्मी म्हणते, जेवायला या ना."
उठता उठता थांबलो.
ना?
नऊ वर्षांत शुभांगीनं वाक्याला 'ना' लावलेला नाही.
ती इचलकरंजीची, तिचं बोलणं ठोक.
तो ना पोरीनं वाटेत बसवलेला.
घरचंच काम. हात ओळखू आला.

"मम्मी खरं काय म्हणाली?"
ती अंगठ्यानं फरशी खरवडत राहिली.

स्वयंपाकघर आठ पावलं.
ओट्याशी उभा राहिलो. म्हटलं,
"निरोप नको. मीच आलोय."
"उपकार झाले," ती म्हणाली.
मग भांडलो. असं भांडलो
की शेजारच्या चौगुल्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.
मधेच मी बजरंगचं सांगितलं.
कुठल्या बजरंगचं, तिनं विचारलं.
दोघांचंही, म्हटलं.
हातातली पळी तिनं खाली ठेवली नाही,
पण आमटी उतू गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.
मिटलं असं नाही. आवाज मात्र होता घरात.
अन्वीनं आधी दोन्ही कान झाकले,
मग एक सोडला,
मग सोफ्यावरच झोपून गेली.

रविवारी वडिलांना रंकाळ्यावर नेलं.
शेंगा घेतल्या. विचारलं,
"तुम्हाला वेगळं नाव हवं होतं का?"
ते बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले.
मग म्हणाले,
"तुझ्या आईला सांग..."
आणि अडले.
आई जाऊन चार वर्षं झालीत.

मी शेंगांच्या कागदाची घडी घालत बसलो.
उठलो नाही.
म्हटलं, "सांगा."