शिरोरेषा

सिव्हिलमधला चौथा दिवस.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात पुढे करा, बोटं पसरा.
पसरली. उभ्या रिक्षाचं इंजिन चालू असलं
की आरसा हलतो, तशी.

मग कागद दिला. एक सरळ रेघ मारा.

बाई, पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत
निम्म्या पाट्या माझ्या हातच्या.
दोरी न धरता शिरोरेषा ओढायचो,
शिडीवर, एका पायावर, तोंडात बिडी.
द्वारकेजवळच्या देशी दुकानाची पाटीपण माझीच.
मजुरी तिथल्या तिथे फिटली.

रेघ मारली.
काल मी संडासापर्यंत गेलो तशीच ती गेली,
पाय फाकून, भिंत चाचपत,
मधेच कुणी ढकलल्यासारखी.
बाईंनी कागदावर तारीख टाकली
आणि फाईलला लावला.

संध्याकाळी वेणूने चहा पाजला, बशी तिनेच धरली.
तरी दात काठावर वाजले.
शेजारच्या खाटेवरून आवाज आला, थंडी का?
मी म्हणालो, हो.

रात्री चादरीवर बोटाने नाव काढून पाहिलं. निवृत्ती.
दोन्ही वेलांट्या झोकांड्या खात होत्या.
वरची रेघ तेवढी ओढली नाही.
ती राहू दे.
हात थांबला की.