कागदावरचं माप

आधी पाण्याचं बोलू.
परभणीचं बोअरचं पाणी लोकरीला चालत नाही.
बादलीच्या काठाला पांढरं बसतं
ते धाग्यातही बसतं.
म्हणून मी वीस लिटरचा जार आणतो,
लोक पितात तोच,
आणि समोरचा चहावाला ओरडतो,
"मैनूभाई, स्वेटरला फिल्टरचं पाजू लागलाव का?"

ओरडू दे.
पाण्यात कोपर बुडवून बघायचं.
कोपराला पाणी कळलंच नाही
म्हणजे बरोबर.

रिठे रात्रीच भिजलेले. फेस थोडा.
घासायचं नाही.
वरून दाबायचं, सोडायचं,
झोपलेल्याच्या पोटावर हात ठेवावा इतपत.
ज्या गारव्याच्या पाण्यात धुतलं
त्याच गारव्याच्या पाण्यात खळबळायचं.
लोकर पुष्कळ सोसते,
एकदम बदललेलं सोसत नाही.
पिळायचं तर नाहीच.
टॉवेलात गुंडाळून वर गुडघे टेकायचे.
उचलताना दोन्ही हात खालून,
ओला स्वेटर आपल्याच वजनानं लांबतो.

माझा आजा, लाडलेसाब पिंजारी,
नेमकं उलटं करायचा.
पिंजलेली लोकर चटईवर पसरून
वर कढत पाणी, साबण,
आणि तिघं मिळून तुडवायचे, लाटायचे
उन्हं डोक्यावर येईपर्यंत.
हातभर लोकरीची वीतभर व्हायची.
"आटली पाहिजे," म्हणायचा,
"आटली की तिच्यातून आभाळ गळत नाही."
गंगाखेडच्या बाजारात त्याचा बुरणूस
पाणी ओतून दाखवत विकायचा.
त्याला ज्याचे पैसे मिळायचे
त्याचे मला भरून द्यावे लागतात.

म्हणून कागद.
धुण्याआधी स्वेटर वर्तमानपत्रावर ठेवतो,
बाह्या पसरून, कडेनं पेन्सिल फिरवतो.
वाळताना त्याच रेघेत बसवायचा,
बाजेवर, सावलीत. दोरीवर कधी नाही.
कागदावर नाव टाकतो, तारीख टाकतो,
पुढच्या थंडीला लागतो.

कौसडीकर सर विद्यापीठात पारा वाचायचे.
थंडीत टीव्हीवर परभणीचं नाव येतं ना,
तो आकडा पहाटे त्यांनी टिपलेला असायचा,
अंगात राखी स्वेटर, लेकीनं धाडलेला,
काश्मिरी बकरीच्या पोटाखालची लव.
मुठीत धरला तर मूठ रिकामीच वाटायची.
तीन थंड्या तो माझ्याकडं आला.

चौथ्या थंडीत बाई आल्या.
"मशीनमध्ये गेला. मीच टाकला, चादरींबरोबर.
त्यांचं सगळं धुऊन ठेवायचं होतं."
पिशवीतून निघाला तो
सहावीतल्या पोराचा वाटत होता.
"ताणून होईल का?"

आज्याचं बोलणं ओठावर आलं होतं,
बुरणुसाची पुन्हा लोकर होत नाही.
बघतो, म्हणालो.
रात्रभर कंडिशनरच्या पाण्यात ठेवला,
सकाळी पंख्याखाली टाचण्या लावत,
जरा ओढ, जरा थांब.
संध्याकाळपर्यंत दोन बोटं सुटला.

मापाला त्यांचा जुना कागद काढला होता,
मागच्या जानेवारीचा.
वर सोयाबीनचे भाव,
भावांच्या मधून सरांचे खांदे,
डावा जरा उतरलेला.
आत स्वेटर ठेवला
तर चारीकडून रेघ उघडी.

बाई स्वेटरकडं बघतच नव्हत्या.
रेघेवरून बोट फिरवलं,
डाव्या खांद्यावर थांबलं.
"हा कागद देता का?"

गुंडाळी करून दिली, रबर लावून.
किती झाले, विचारलं.
जारचे तीस, म्हणालो.

स्वेटर टेबलावरच राहिला.
परवा त्याच्यावर इस्त्रीचं पाणी सांडलं.
थेंब आत गेला नाही,
वरच राहिला, गोल,
पंख्याच्या वाऱ्यानं हलत.
लाडलेसाबनं हात फिरवून बघितला असता.
बरा आटलाय, म्हणाला असता.