अडतीस फूट

होडी अडतीस फूट.
आमचं वडगावचं घर, दोन्ही माग धरून, बेचाळीस.
हे पनामातून फोनवर सांगितलं
तर आप्पा म्हणाले, म्हणजे मोरीपुरती कमी.

रात्री सव्वातीनला लाईट गेली
आणि मी उठून बसले.
गल्लीतले सगळे माग एका दमात बंद,
आमचे, शेजारच्या बुचडींचे, देवळामागचे.
माझा हात अंधारात दोर शोधत होता.
तिथं आवाज थांबला की काहीतरी झालेलं असतं:
सुकाणूची दोरी तुटलेली, शीड उलटं भरलेलं,
किंवा वारं नुसतंच पडलेलं, ते सगळ्यात वाईट.
पाय खाली टेकवले. फरशी हलली नाही.
येऊन अकरा दिवस झाले,
तिचं न हलणं अजून मला गरगरवतं.

तेवीस दिवस जमीन नव्हती.
आम्ही तिघं: हेन्रिक, त्याची बहीण मारित, मी.
तीन तास जागायचं, सहा तास झोपायचं,
एक उठला की त्याच्याच उबेत दुसऱ्यानं शिरायचं.
गोडं पाणी माणशी तीन लिटर. केस धुणं, पाऊस आला तर.
नवव्या दिवशी पिठात किडे झाले, चाळून घेतलं.
सतराव्या दिवशी चाळणं सोडलं.
शेवटचा कांदा मारितनं तीन दिवस पुरवला,
आधी वास घ्यायला, मग खायला.
पहाटे डेकवर उडते मासे मरून पडलेले असत.
त्यांचे पंख वहीत दाबून आणलेत मी,
आईनं वही परसात ठेवलीय.

चौदाव्या रात्री सोसाट्यात
पुढचं शीड शिवणीवर फाटलं, दोर तुटला.
दोर जोडताना हेन्रिक शिकवायला बसला:
नीट बघ, जाड दोराला बारीक दोर, असा.
मी बघितलं. मग डोळे मिटून बांधली.
कुणी शिकवली, तो म्हणाला.
काय सांगणार.
ताण्याचा धागा तुटला की आप्पा हीच मारतात,
तोंडातली विडी न काढता,
दिवसाला दोन-तीनशे वेळा.
आमच्यात तिला वेगळं नाव नाही. गाठ म्हणतात.
त्याच्या भाषेत आहे,
ते मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही.

त्या शिडाचा तुकडा आणलाय मी.
आप्पांनी भिंग काढलं, इंचात धागे मोजले,
फाटकी कड दातांत धरून ओढली.
ताणा चांगला हाय, म्हणाले,
खरं बाण्यात कायतरी वाचवलंय बघ त्यांनी.
तीन हजार मैलांबद्दल एवढंच.
आणि हो, एका शिडात लुगडी किती निघतील?
मी म्हटलं, चार.
त्यांनी मान हलवली. परवडत नाही.

बाहेर कट्ट्यावर विडीचा ठिपका.
तेही उठलेले.
अनगोळच्या बाजूला एक कुत्रं भुंकलं नि विसरलं.
गल्लीच्या वर एवढे तारे आहेत हे मला
या घरात वाढून माहीत नव्हतं.
वृश्चिकाचा आकडा तेवढा ओळखीचा,
तिथं तो डोलकाठीभोवती फिरायचा,
इथं बुचडींच्या पाण्याच्या टाकीवर गप्प टांगलेला.

समुद्रात लाईट जाती काय गं, बाळक्का?
वारं जातं.
मग काय करता?
बसतो.

बसलो थोडा वेळ.
मग म्हणाले, जा, झोप की. पाळी माझी हाय.

मी गेले नाही.
साडेचारला लाईट आली.
आधी देवळामागचे, मग बुचडींचे, मग आप्पा आत गेले
आणि आमचे. सगळी गल्ली खडखडायला लागली,
दाराची कडी, मागची भिंत, पाठीखालचा कट्टा,
आणि मला झोप लागली तिथंच,
बसल्या जागी, पाय वर घेऊन.