रुमालाखाली

गोळ्यांनी आवाज थांबले, हे खरं.
पण सकाळ सुरू होईना.
नऊला डोळे उघडे, अकराला पाय जमिनीवर,
मधले दोन तास
पंख्याची तीन पाती मोजायची, पुन्हा मोजायची.

मिरजेच्या दवाखान्यात, मागच्या अंगाला,
तहसीन मुजावरांची खोली.
टेबलावर शेंगा, सुतळी, एक जुना सदरा.
"बटणं लावा, नेमगोंडा."
राग आला, पण तोही पुरता येईना.
अठरा वर्षं सांगलीच्या यार्डात
हळदीचा सौदा केलाय या बोटांनी,
रुमालाखाली, तोंड न उघडता.
एक बोट दाबलं की
अख्खा ढीग इकडचा तिकडे.
आणि ही बाई म्हणते, बटणं लावा.

तिसरं बटण चौथ्या काजात गेलं.
त्या काही बोलल्या नाहीत.
मीच काढलं. परत लावलं.
तोवर खिडकीबाहेरून एक मालगाडी गेली, सगळीच्या सगळी.

"चहा हे एक काम नाही," त्या म्हणाल्या, "नऊ आहेत.
तुम्ही नुसतं पातेलं काढून ठेवा."
चार दिवस नुसतं पातेलं.
पाचव्या दिवशी पाणी.
पुढच्या आठवड्यात चहा झाला, साखर राहिली.
त्रिशलानं तो प्यायला,
कप पालथा घालून दाखवला.

श्रावणात पुन्हा घसरलो.
सहा दिवस अंघोळ नाही,
भिंतीवरचा कामांचा कागद माझ्याकडे बघत.
तहसीनबाईंनी त्यातल्या चार ओळी खोडल्या.
"सध्या एकच ठेवू."
भाव उतरवणं हीसुद्धा चाल असते,
हे खरं तर मला ठाऊक असायला हवं होतं.

एकदा यार्डापर्यंत नेलं त्यांनी, एसटीनं.
तिकीट मी काढलं, सुटे मी मोजले.
फाटकातच हळदीची धूळ नाकात गेली,
शिंकलो, एकापाठोपाठ सात वेळा.
"आजच्यापुरतं झालं," म्हणाल्या, आणि आम्ही परत फिरलो.

काल संध्याकाळी त्रिशला विचारत होती, दूध किती.
हात पुसत होती, टॉवेल हातावरच.
मी खालून हात घातला
आणि तिच्या बोटाचं अर्धं पेर दाबलं.
ही भाषा तिला येत नाही.
तरी म्हणाली, "अर्धा लिटर?"
हात मात्र लगेच काढला नाही.

पिशवी घेतली.
सदऱ्याचं वरचं बटण उघडंच होतं,
ते जिन्यात लावलं.