सूरची हवा

गाडी रविवारी द्यायची आहे.
सालिमने दोनशे रियाल इसार दिलाय,
मुलकिया रुमालात गुंडाळून कप्प्यात ठेवलीय.
निझवाच्या भाड्याच्या घरात
निम्मी खोकी चिकटपट्टी लावून बंद,
आणि गुरुवारी संध्याकाळी तू विचारलंस,
"कुमुद, तंबू कुठल्या खोक्यात गेला?"

एवढंच. मी ते आमंत्रण समजले.

जबल शम्सच्या चढावर गाडीला दोनदा धाप लागली.
वर गारठा असा
की स्टोव्हची निळी ज्योतसुद्धा अंग चोरून बसलेली.
आपल्याकडचे कडे वर्षातून चार महिने तरी
अंगावर काहीबाही पांघरतात;
हा नुसता हाडांचा.
दरीच्या काठाशी तू पालथा पडून खाली डोकावलास,
मी तुझा घोटा धरून बसले.
बावन्न वर्षांचा, नोकरी सुटलेला माणूस,
घोटा धरावाच लागतो.
हे मी बोलले नाही.

पहाटे एका शेळीने मेतकुटाची पिशवी पळवली.
दाढी पिवळीधमक करून ती आपल्याकडे बघत राहिली,
एखाद्या घरच्या लग्नातल्या आत्याबाईसारखी.
तू हसलास.
मार्चनंतर पहिल्यांदा. मी मोजलंय.

मग उतार, मग सपाटी, आणि इब्राच्या पुढे कुठेतरी
तो जुना विषय:
मिरजेचा फ्लॅट, की सावंतवाडीला तुझ्या भावाशेजारी.
माझा आवाज चढला. तुझा गेला.
नव्वद किलोमीटर आपण उंट बघत होतो,
मी डावीकडचे, तू उजवीकडचे.

रास अल हद्दच्या अलीकडे समुद्र दिसला
आणि तू रस्ता सोडून सरळ वाळूत घातलीस गाडी.
रागात घातलीस, अच्युत, कबूल कर.
मागची चाकं धुऱ्यापर्यंत रुतली.
तू जोर लावशील तेवढी खोल.
मी फळकूट घातलं, पायपुसणं घातलं,
शेवटी तुझ्या आईची सतरंजी घातली.

खमीस नावाचा कोळी जाळं सोडून आला.
गाडीभोवती एक फेरी मारली, जीभ टाळ्याला लावून च्च केलं
आणि म्हणाला, "हवा."
त्याच्या भाषेतही हवाच. तोच शब्द.
खिशातून खजुराची बी काढून
त्याने एकेका चाकाच्या तोंडाशी दाबून धरली.
फुस्स करत चारही चाकं पसरली,
दमून मांडी घातल्यासारखी.
"वाळूत ताठ राहून चालत नाही," असं काहीतरी म्हणाला तो.
की मीच तसं ऐकलं?
माझं अरबी भाजीबाजारापुरतं.

गाडी निघाली. सहज.
तू माझ्याकडे पाहिलं नाहीस,
पण गिअरवरचा हात उचलून
थर्मासचं झाकण घट्ट करून दिलंस.

रात्री खुंट्या वाळूत ठरेनात,
तंबू गाडीलाच बांधला.
झोप आणि जाग यांच्या मध्ये केव्हातरी
काहीतरी जड, ओलं, श्वास टाकत जवळून गेलं.
तू माझं मनगट दाबलंस. टॉर्च लावला नाही.
सकाळी आपल्या चाकांच्या खुणांशेजारी
कासवीच्या खुणा, जवळजवळ तेवढ्याच रुंद,
वर एक खड्डा अर्धवट उकरून सोडलेला,
आणि खुणा परत पाण्याकडे.
"जागा पसंत पडली नसेल," तू म्हणालास.
"दुसरीकडे बघेल," मी म्हणाले.
मिरजेचं नाव कुणीच काढलं नाही.

सूरच्या पंपावर हवा भरून घेतली.
बत्तीस की पस्तीस, यावर थोडं वाजलंच.
गाडी पुसायला घेतलीस तेव्हा
सीटखालची वाळू राहू दे म्हटलं,
पण तू काढलीस; व्यवहार म्हणजे व्यवहार.

रविवारी सालिम चावी घेईल,
टायरवर लाथ मारून बघेल, सगळेच बघतात.
चाकं कडक असतील.
आत काय भरलंय
ते त्याला कोण सांगणार?