हार्डवेअरच्या दुकानावरची वकीलबाई

पहिला वकील माझं मृत्युपत्र करणारा.
त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
"रेइनो, माझी बायको त्याच हॉस्पिटलात नर्स आहे,"
म्हणाला, आणि कॉफीचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

दुसऱ्यानं फोनवर विचारलं, डॉक्टर कोण?
पास्को, म्हटल्यावर पलीकडे इतकी शांतता
की त्याच्या ऑफिसातला हीटर ऐकू आला.

तिसरा हायवेवरच्या फलकावर असतो,
दोन मजले उंच, बत्तीशी दाखवत.
त्याच्या नंबरावर एका मुलीनं विचारलं
बाईंचं वय. अडुसष्ट.
नोकरी? नव्हती.
मग बटणं दाबल्याचा आवाज. मग थँक यू.
तज्ज्ञ डॉक्टर साक्षीला आणायचे तर
तेवढ्यात एक ट्रॅक्टर येतो म्हणे,
आणि पगार नसलेल्या बाईचं मरण
तेवढं भरत नाही.

केनी पास्को माझ्या बसमधून शाळेत जायचा.
चार नंबरची बस, सरोवराकडचा शेवटचा थांबा.
तिथं बर्फ वरून नाही, आडवा येतो.
त्यातून हे पोरगं
एक बूट पायात, एक हातात, असं धावत यायचं.
मी थांबायचो. एकदा तर सात मिनिटं.
त्या सात मिनिटांबद्दल मला मेमो मिळाला होता,
आयलीनं तो फ्रिजवर लावला,
वर्षभर काढू दिला नाही.

आयलीचा रिपोर्ट त्याच्या ऑफिसात
एका ट्रेमध्ये पडून होता, एकवीस आठवडे.
कुणी लपवला नाही. कुणी फाडला नाही.
त्याच्यावर फक्त दुसरे कागद येत गेले.

डेलीन रिवार्डचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर आहे.
जिन्यात रंगाचा आणि नव्या दोराचा वास.
तिनं "वाईट झालं" म्हटलं नाही.
तारीख विचारली.
मग कॅलेंडर उलटून एका चौकोनावर बोट ठेवलं:
"यानंतर आलात तर मी फक्त चहा देऊ शकेन."
हॉस्पिटलनं पानागणिक पैसे घेऊन दिलेली
तीनशे चाळीस पानं तिनं जमिनीवर पसरली
आणि सपाता काढून त्यांच्यामधून चालत राहिली,
पीक बघत फिरावं तशी.

"जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा.
हरलो तर तुमचे शेजारी तुमच्याशी बोलणार नाहीत,
जिंकलो तरी नाहीत.
माझी मावशी तिथं रेकॉर्डला आहे.
नाताळचं जेवण मिळेल मला,
दुसऱ्यांदा वाढणार नाही कुणी."

मग पेन खाली ठेवून: "तुम्हाला काय हवंय?"
मला वाटलं होतं, याचं उत्तर मला पाठ आहे.
परवा किराणा दुकानात त्यानं माझ्यासाठी
दार धरून ठेवलं होतं. केनीनं.
मी आत जाईपर्यंत. बराच वेळ.
त्याचे कान तसेच लाल होतात अजून.
मी म्हणालो, त्या आठवड्यांची मोजणी व्हावी.
मोठ्यानं. कुणीतरी टाइप करत असताना.
ती काही बोलली नाही. कागद पुढे सरकवला.
मी सही केली. माझं अक्षर बसच्या नोंदवहीसारखं,
सगळं उजवीकडे कललेलं.

आता तिनं गृहपाठ दिलाय:
त्या एकवीस आठवड्यांत आयलीनं काय केलं,
काय खाल्लं, काय बंद केलं,
आठवेल तसं, तारखेसकट.

स्वयंपाकघरात बसून लिहितोय.
पहिला आठवडा: राईचा पाव, दोन, एक शेजारी दिला.
चौथा: जिन्यावर मध्येच बसली, म्हणाली बूट चावतो.
सातवा: पाव विकतचा. मी काही विचारलं नाही.
नववा: ताक.
दहावा: ताक. माझ्यावर चिडली, कारण आठवत नाही.
अकरावा आठवडा
मला आठवतच नाहीये,
पूर्ण आठवडा,
आणि मी घरीच होतो.